झाकण पुसा

गाडी कामथे घाटात बंद पडली. आषाढ, धो धो पाऊस, आणि काचेवर वायपर फिरतोय की नाही हे त्या वायपरलाही नक्की सांगता येऊ नये अशी परिस्थिती. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "झाकण पुसा."

"कसलं झाकण, आई?"

"ते काळं, वायरी लावलेलं. आत दमट होतं. हे बनियनने पुसायचे."

मी इंजिनिअर आहे. सिव्हिल, पण इंजिनिअरच. हसून म्हणालो, "आई, इतकं सोपं नसतं ते."

मागून आलेला टेम्पोवाला उतरला, त्याने बॉनेट उघडलं, काळं झाकण काढून खांद्यावरच्या पंच्याने पुसलं आणि गाडी सुरू झाली. मी याला योगायोग म्हणालो. मूळ दुखणं आत खोल असणार आणि ते मुळापासून काढायचं, असं चिपळूण येईपर्यंत माझं ठरलं होतं.

गाडी सासऱ्यांची. प्रीमियर पद्मिनी, 1985 चं मॉडेल, कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगला. नंबर लागायला किती वर्षं थांबलो, हा आकडा सासरे दर दिवाळीला एकेकाने वाढवत. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा टीव्हीपुढे सगळे हळहळले. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, "शेवटची कशी? आपली आहे की."

तर ते काळं झाकण डिस्ट्रिब्युटरचं. डिस्ट्रिब्युटर हा इंजिनातला वाढपी. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये फुगून पंधरा-वीस हजार होतात, आणि ती ठिणगी हा आत फिरणाऱ्या रोटरने चारही सिलिंडरना वाढत जातो. पण पंगतीच्या क्रमाने नाही. एक-तीन-चार-दोन. पहिल्या पानावरून तिसऱ्यावर, मग चौथ्यावर आणि मग परत मागे दुसऱ्यावर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर पानं. आमच्याकडच्या कार्यात तेवढ्या वेळात मीठसुद्धा येत नाही.

त्याला बाहेर काढायला एक नट पुरला. नट फार सहज निघाला की सावध व्हावं, हे सिव्हिलमध्ये शिकवत नाहीत. रोटरचं तोंड कुठे आहे आणि बॉडी कशी बसली आहे, याच्या खुणा मी आधी करून ठेवल्या होत्या. मुलीच्या खडूने. मग तो डिस्ट्रिब्युटर अर्धा कप पेट्रोल घेऊन ब्रशने असा लख्ख धुतला की खुणाही लख्ख निघाल्या. वायरींवर नंबर घालायचे राहिले होते, पण चारच तर वायरी, असा विचार होता. इंजिन मात्र डिस्ट्रिब्युटर काढताना होतं तसंच उभं होतं, हा एक आधार शिल्लक होता. तेवढ्यात मेहुण्याचा मुलगा स्टिअरिंगवर बसला आणि "काका, सेल मारून बघू?" असं विचारत विचारतच त्याने सेल मारला.

इंजिन दोन-चार फेरे फिरलं. आधार संपला.

तरी मी डगमगलो नाही. पुलीवर एक खूण असते, इंजिनावर एक असते; दोन्ही जुळल्या की एक नंबरचा पिस्टन टोकाला आला. रोटर एक नंबरच्या वायरीकडे केला, दांडी खाली दातांत नीट बसली, नट आवळला, पॉइंटमधली फट फिलर गेजने मोजली, वायरी एक-तीन-चार-दोन अशा लावल्या. इतकं काटेकोर काम मी पगार घेऊनही केलेलं नाही. पत्नी ओवाळायचं तबक आणू का म्हणून विचारून गेली. तो टोमणा होता हे नंतर कळलं.

सेल मारला. कार्ब्युरेटरमधून असा फाट्‌कन बार निघाला की चाफ्यावरचे बगळे उडाले आणि शेजारचे तात्या दाढीचा अर्धा फेस तसाच ठेवून कुंपणाशी आले. दुसऱ्यांदा मारला, बार सायलेन्सरमधून निघाला. "गणपतीला अजून वेळ आहे ना?" तात्या म्हणाले.

पडवीत सासूबाई भिजवलेले वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी हायवेच्या गॅरेजमधला पोरगा आणला. त्याच्या हातात स्कॅनर. डॅशबोर्डखाली आडवा होऊन तो दहा मिनिटं सॉकेट शोधत राहिला. "सर, ह्याचा ईसीएम कुठंय?" ईसीएम म्हणजे नव्या गाड्यांतला कॉम्प्युटर. मी डिस्ट्रिब्युटरकडे बोट केलं. त्याने त्याचा फोटो काढला, मग गाडीबरोबर स्वतःचा काढला आणि पैसे न घेता निघून गेला. त्याच्या चेहऱ्यावर किल्ला बघून परतणाऱ्याचं समाधान होतं.

मग दुपारी जेवताना माझा घास हातातच राहिला. पिस्टन टोकाला एकदा येत नाही, दोनदा येतो! एकदा पेट्रोल-हवा दाबत, म्हणजे ठिणगीची वेळ. आणि एकदा जळका धूर बाहेर ढकलत. पुलीची खूण दोन्ही वेळा जुळते. मी फक्त खूण बघितली होती. म्हणजे पाहुणा जेवून हात धुवायला उठलाय आणि माझा वाढपी त्याच्या पानात कढत वरण ओततोय. पाहुणा बोंबलणारच.

खात्री करायची म्हणून चारही प्लग काढले, गाडी चौथ्या गिअरमध्ये घातली आणि तात्या व भाचा यांना मागून हळूहळू ढकलायला लावलं. मी एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबून गाडीबरोबर खेकड्यासारखा तिरपा चाललो. खळ्यात चिखल. तात्या दर पावलाला "आली का?" विचारत होते आणि रस्त्यावरून जाणारे लोक थांबून काय यायचंय ते बघत होते. एकदाची अंगठ्याखाली हवा दाटली, फुस्सकन निसटली. "आली!" मी ओरडलो. तात्यांनी जोरात ढकललं आणि खूण पुढे गेली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. शेवटी खूण जुळली, झाकण उघडलं. रोटर चार नंबरकडे तोंड करून शांत उभा. एकच्या बरोबर समोर, पूर्ण एकशेऐंशी अंश. चुकलो होतो, पण एका अंशानेही इकडेतिकडे नाही.

आता नट सोडून परत सगळं उपसायचं म्हणून मी पाना उचलला. पडवीतून आवाज आला, "काढू नका. वायरी दोन-दोन घरं पुढे सरकवा."

"काय?"

"सोंगट्या सरकवतात तशा. सगळ्या. एकच्या घरात चारची येते, चारच्या घरात एकची. ह्यांचा दर वेळी उलटाच बसायचा. चार-पाच वेळा उपसल्यावर त्यांना हे सुचलं."

"आई, काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात ना, इतकं सोपं नसतं."

वायरी सरकवल्या, प्लग बसवले, सेल मारला. पहिल्या झटक्यात गाडी सुरू! मग नट किंचित ढिला करून डिस्ट्रिब्युटरची बॉडी एक-दोन केसभर इकडे, एक-दोन केसभर तिकडे फिरवत मी कानाने टायमिंग लावलं. गाण्यात मला सम कळत नाही हे त्या क्षणी आठवलं नाही. मशीन जरा दमल्यासारखं वाटलं, म्हणून स्क्रू पिळून रेस वाढवली.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन ऐटीत बाजारात गेलो. परतताना चढावर दम लागत होता, काटा गरमकडे सरकत होता. म्हणजे माझ्या कानाने ठिणगी उशिरा लावली होती. तरी घरी पोचलो. खळ्यात गाडी उभी केली, चावी फिरवली, काढली, खिशात टाकली.

गाडी चालूच. फट-फट-फट, चावीशिवाय. दोन दिवस सुरू होत नव्हती, आता बंद होईना. मी चावी परत घालून परत काढली. तात्या कुंपणाशी आलेलेच होते.

"ब्रेक दाबून धरा, चौथ्यात घाला आणि क्लच सोडा," मागून सासूबाई म्हणाल्या, "आणि मला आधी कांदे धरू द्या."

तेवढं मी थांबलो नाही. गाडीने एक मोठी उचकी दिली आणि गप्प झाली. दोन किलो कांदे पुढच्या सीटखाली आले. त्यातले काही अजून सापडायचे आहेत.