वर्ग शांत ठेवा, माहिती तात्काळ पाठवा

मागल्या आठवड्यात तालुक्याला ‘आनंददायी वर्गव्यवस्थापन’ या विषयावर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. वर्ग कसा सांभाळावा हे ऐकायला आम्ही सगळे आपापले वर्ग सोडून आलो होतो. सुलभकांनी सांगितलं त्यात पदरची भर घालून काही युक्त्या देते. लिहून घ्या, केंद्रप्रमुख विचारतील.

सकाळी दारात उभं राहून प्रत्येक मुलाचं हसून स्वागत करा. शाळा द्विशिक्षकी असेल तर दोन्ही दारांत तुम्हीच उभ्या राहा, कारण दुसरे गुरुजी बीएलओ, म्हणजे मतदारयादीच्या कामावर आहेत आणि ते मतदारांचं हसून स्वागत करायला गेलेत. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत शिक्षक दोन. आमच्याकडे वर्ग चार. भागाकार वरूनच झालेला आहे, आपण फक्त बाकी उरायचं.

पोरं दंगा करू लागली तर आवाज चढवू नका, पोषण आहाराचे तांदूळ मोजायला घ्या. मुलामागे १०० ग्रॅम, हजर ३८, म्हणजे ३ किलो ८०० ग्रॅम. गणितही होतं, शांतताही. हजेरी तेवढी ॲपवर वेळेत भरा, नाहीतर पोरं जेवली हे वर कुणाला पटायचं नाही.

वर्गात स्वतःचा ए-फोर आकाराचा फोटो लावा. २०२२ साली तसं फर्मानच निघालं होतं. बाई लिंकवर माहिती भरत असल्या की पाणी पिऊन येऊ का, हे फोटोला विचारता येतं.

गटकार्य घ्या.

आणि मोबाइल कायम हातात ठेवा. ही युक्ती सगळ्यात महत्त्वाची. परवा गुरुवारी मी तिसरीला ५२ वजा २७ घेत होते. दोनातून सात जात नाहीत म्हटलं की सातातून दोन काढून मोकळी होणारी एक पोरगी आहे, जूनपासून तिचं तेच चाललंय. ती स्वतः उठली, काड्यांच्या गठ्ठ्याचं रबर काढलं आणि दशक सुटा केला. बारा काड्या हातात. तेवढ्यात मोबाइल वाजला. ‘अति तात्काळ. हात धुवा दिनाचे जिओ-टॅग फोटो अर्ध्या तासात लिंकवर टाकावेत. निरंक असल्यास निरंक कळवावे.’

झालं. अख्खी शाळा नळाशी. नळाला पाणी नाही, बादली आणा. साबण? भांडी घासायचा आणा. फोटो काढला तर लोकेशन शेजारच्या गावचं. परत हात ओले करा. रेंज पाण्याच्या टाकीपाशी, तिथं धावले, लिंक उघडेना. उघडली तर यू-डायसचे, म्हणजे शाळेच्या सरकारी क्रमांकाचे, ११ आकडे मागितले, ते भरले तर पान पुन्हा कोरं. तोवर ग्रुपवर ‘माहिती न देणाऱ्या शाळा’ अशी यादी, आमचं नाव लाल रंगात! अर्धा तासही झाला नव्हता हो! कोण बघतं हे फोटो? ३८ पोरांचे ओले हात बघून कुणाचा जीव निवतो?

युक्त्या गेल्या खड्ड्यात. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. लिंकला ‘उपक्रम’ म्हटलं की कलम निजलं. साहेब, वर्ग कसा सांभाळायचा ते आम्हाला येतं. तुम्ही शाळेच्या वेळात मेसेज टाकू नका, एवढंच करा.

आणि तुम्ही काय मान डोलावताय? मधल्या सुट्टीत वरच्यांच्या नावानं बोटं मोडायची आणि ग्रुपवर ‘ओके सर’ टाकायला पहिला नंबर लावायचा. कधी एकानं तरी लिहिलंय, ‘आत्ता तास चालू आहे, चार वाजता पाठवते’? मीही नाही लिहिलं. ‘ओके सर’ टाकूनच वर्गात आले. काड्या जमिनीवर पांगल्या होत्या, आणि पोरीनं पाटीवर उत्तर लिहून ठेवलं होतं, ३५.