पिल्लाला आधी ऊब, दुधाची बशी नंतर

मांजरीचं पिल्लू सापडलं की आपला हात आधी दुधाच्या पातेल्याकडे जातो. बशीत गार दूध ओततो, पिल्लाचं तोंड त्यात बुडवतो आणि 'पीतच नाहीये' म्हणून काळजी करत बसतो. माझं मत स्पष्ट आहे. ही बशी पिल्लांच्या जिवावर उठते. अगदी लहान पिल्लं घरात दगावतात ती भुकेइतकीच गारठ्याने आणि चुकीच्या दुधाने, आणि दोन्ही टाळता येतं.

पण त्याआधी, पिल्लू उचलायची खरंच गरज आहे का ते बघा. जिन्याखाली, माळ्यावर किंवा बंद गॅरेजमध्ये दिसलेली पिल्लं बहुतेकदा अनाथ नसतात. आई पोट भरायला गेलेली असते आणि दोन-चार तास परतत नाही. पिल्लं एकमेकांवर ढीग करून गप्प झोपलीत, पोटं गोल आहेत, अंगं स्वच्छ आहेत, तर आई आहे असं समजा. अंगं चिकट-मळकी आहेत, पोटं खपाटीला गेलीत आणि रडणं थांबत नाही, तर मात्र गडबड आहे. खात्री हवी असेल तर त्या जागेभोवती कोरड्या कणकेची बारीक रेघ ओढा आणि लांब जा. चार-सहा तासांनी रेघेत पावलं उमटली असतील तर तुमचं काम एवढंच की त्या भाटीला जवळपास रोज खायला ठेवायचं. आईला खाऊ घालणं हीच पिल्लांना दूध पाजायची सगळ्यात सोपी पद्धत आहे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हे खरं नाही. सारखं डोकावलं तर ती पिल्लं हलवते, हे मात्र खरं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही. वाट न बघता उचलायचं ते पावसाचं पाणी शिरत असेल, मुंग्या लागल्या असतील, पिल्लू जखमी किंवा गार पडलेलं असेल किंवा आई मेल्याचं नक्की माहीत असेल तेव्हा.

आता ऊब. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता धड राखता येत नाही. गार पडलं की आतडी काम करणं थांबवतात. पोटात गेलेलं दूध पचत नाही, तिथेच नासतं, फुगतं. गिळणंही नीट होत नसल्याने दूध फुफ्फुसात जातं ते वेगळंच. म्हणून गार पिल्लाला काहीही पाजायचं नाही, ते कितीही रडो. ओळखायचं कसं? करंगळीचं टोक पिल्लाच्या तोंडात घाला. आतून कोमट लागलं तर ठीक, गार लागलं तर आधी शेक. थर्मामीटर असेल तर निदान 96 फॅरनहाइट होईपर्यंत थांबा.

शेक सावकाश द्यायचा, तासा-दोन तासात. हेअर ड्रायर लावणं किंवा गरम पाण्यात बुडवणं नको, एकदम तापवलं तर पिल्लू दगावू शकतं. शर्टाच्या आत पोटाशी धरणं सुरुवातीला उत्तम. मग एक खोका घ्या, तळाला जुनी फ्लॅनेल किंवा चादर घाला. टर्किशचा टॉवेल नको, धाग्यांत नख अडकतं. शेकायची रबरी पिशवी कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे फार गरम झालं की पिल्लाला सरकायला जागा राहते. दर दोन-तीन तासांनी पाणी बदला. हे बरेच जण विसरतात आणि गार झालेली पिशवी उलट पिल्लाच्याच अंगातली उष्णता ओढून घेते. पहिल्या आठवड्यात खोक्यात 30 ते 32 अंश सेल्सिअस हवं, दुसऱ्यात 27 ते 29, पुढे हळूहळू कमी. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पिशवीची गरजच नसते, उलट पिल्लं लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर खोका सावलीत हलवायचा. कोकणातल्या जुलैत मात्र हवा दमट आणि फरशी गार, तिथे खोका कधीही थेट फरशीवर ठेवू नका.

वय ओळखायला वजनापेक्षा डोळे आणि दात उपयोगी. नाळ सुकून लटकतेय तर चार-पाच दिवसांच्या आतलं. डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात उघडतात, ओढून उघडू नका. तीन आठवड्यांचं पिल्लू डुगडुगत चालतं आणि पुढचे बारीक दात हाताला लागतात. सुळे दिसले की चौथा आठवडा आला.

दूध. गाय, म्हैस, शेळी, पाकिटातलं, पाणी घालून, साय काढून, कसलंही नको. त्यात लॅक्टोज जास्त आणि मांजरीच्या दुधाच्या मानाने प्रथिनं फार कमी. परिणाम जुलाब, आणि 150 ग्रॅमच्या जिवाला जुलाब एका दिवसात संपवतात. पाणी घातलं की प्रथिनं आणखी पातळ होतात, बाकी काही साधत नाही. पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर मिळते, किटन मिल्क रिप्लेसर म्हणून मागा. मांजरीच्या पिल्लाचं दूध कुत्र्याच्या पिल्लाच्या पावडरवर भागवू नका. डबा महाग वाटतो, पण सलाईन लावायची वेळ आली तर त्याहून जास्त खर्च होतो. रात्री दुकान बंद असेल आणि पिल्लू उबदार पण मलूल असेल तर ग्लुकोज पावडर चमचाभर कोमट पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांना चोळा. हा सकाळपर्यंतचा तात्पुरता उपाय.

प्रमाण डब्यावर दिलंय तेच घ्या. 'जरा घट्ट केलं तर ताकद येईल' असं होत नाही, बद्धकोष्ठ होतं. दिवसाला दर 100 ग्रॅम वजनामागे साधारण 20 ते 25 मिली दूध, आणि एका वेळी 100 ग्रॅममागे जास्तीत जास्त 4 मिली, कारण पोटच तेवढं. म्हणजे 200 ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात 40 ते 50 मिली, एका वेळी जास्तीत जास्त 8, म्हणजे निदान पाच-सहा वेळा. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्यात तीन तासांनी, तिसऱ्यात चार, चौथ्यात पाच-सहा तासांनी. जमणार नसेल तर आधीच दुसरं कोणी बघा, मध्यरात्रीचं पाजणं टाळून चालत नाही.

पाजताना पिल्लू पोटावर, आईखाली असतं तसं, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं कधीही नाही. दूध मनगटावर जेमतेम कोमट लागावं. बाटली उलटी केल्यावर बुचातून थेंब-थेंब पडायला हवं, धार लागली तर भोक मोठं झालंय. बाटली नसेल तर 1 मिलीची सुई काढलेली सिरिंज, तोंडाच्या कडेने, थेंबाथेंबाने. दट्ट्या दाबायची घाई झाली की दूध नाकातून येतं आणि न्यूमोनिया होतो. तसं झालं तर लगेच थांबा, पिल्लाचं डोकं खाली करून नाक पुसा, आणि पुढच्या दोन दिवसांत श्वासाचा घरघर आवाज आला तर डॉक्टर गाठा. पिल्लू खरंच ओढून पीत असेल तर त्याचे कान प्रत्येक घोटाला मागेपुढे हलतात. ते हललेले दिसले की तुमचा हात बरोबर चाललाय. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये 24 तास, त्यापुढे फेकायचं. एकदा कोमट करून उरलेलं पुन्हा वापरायचं नाही.

तीन-साडेतीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला शी-शू आपणहून होत नाही, आई चाटून करवते. तुम्ही कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा मागच्या बाजूला हलकेच फिरवायचा, प्रत्येक पाजण्याच्या आधी किंवा नंतर. शू प्रत्येक वेळी व्हायला हवी आणि रंग फिकट हवा. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. शी रोज नाही झाली तरी घाबरू नका, पण पोट टणक झालं तर दाखवा.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा हे या सगळ्यात सगळ्यात कामाचं यंत्र. रोज एकाच वेळी, पाजायच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. जन्मतः 90 ते 110 ग्रॅम, पुढे रोज 10 ते 15 ग्रॅम वाढ. एक दिवस वजन थांबलं तर लक्ष ठेवा. दोन दिवस थांबलं किंवा एकदा जरी घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लू आजारी 'दिसायला' लागतं तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो, काटा आधी सांगतो.

चौथ्या आठवड्यापासून त्याच दुधात पिल्लांचं वेट फूड (ओलं तयार खाणं) कालवून पातळ पेज करा, उथळ ताटलीत ठेवा. पहिले चार दिवस ती खाण्यापेक्षा त्यात चालतील, चालू द्या. सहा-सात आठवड्यांना दूध सुटतं.

आणि इथे मराठी घरांशी माझं भांडण सुरू होतं. दूधपोळी, दूधभात, ताकभात हे मांजराचं खाणं नाही. वाड्यावरची मांजरं त्यावर जगायची म्हणतात, ती उंदीर, पाली आणि चिमण्यांवर जगायची. फ्लॅटमधल्या मांजराला तो जोडधंदा नाही. मांजराला मांस लागतं, आणि त्यातलं टॉरिन हे पोषकद्रव्य मिळालं नाही तर कालांतराने दृष्टी जाते, हृदय मोठं होतं. दुसरं टोक म्हणजे प्रेमाने फक्त उकडलेलं बोनलेस चिकन. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, त्यामुळे शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं. तीन-चार महिन्यांचं पिल्लू सोफ्यावरून उडी मारताना लंगडं होतं, एक्स-रेमध्ये हाडं कागदासारखी दिसतात. सुकट-बोंबील मीठाचे, रोज नकोत. कांदा-लसूण घातलेला रस्सा तर अजिबातच नको. मुख्य जेवण वाढीच्या वयासाठीचं किटन फूड, वर चवीपुरतं चिकन. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीन. डॉग फूड चालत नाही, त्यात मांजराला पुरेल इतकं टॉरिन नसतं. घरात मांसमच्छी चालत नसेल तर निदान बंद पाकिटातलं खाणं चालवून घ्या. तेही नको असेल तर मांजर पाळू नका, ससा पाळा.

शी-शूसाठी मातीचा ट्रे चौथ्या आठवड्यात ठेवा, कड पिल्लाला ओलांडता येईल एवढी बुटकी. ओली झाली की घट्ट गोळा होणारी बेंटोनाइटची माती (कॅट लिटर) दोन महिन्यांच्या आत वापरू नका, पिल्लं ती खातात आणि पोटात तिचा गोळा होतो. लाकडी भुशाच्या गोळ्या किंवा साधी चाळलेली वाळू पुरते.

फरशी पुसायला फिनाईल, डेटॉल, लायझॉल बंद. यांतल्या काहींत फिनॉलसारखी रसायनं असतात, ती मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पंजे चाटून ती पोटात जातात. क्रोसिनचा तुकडाही देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेते. पिसवांसाठी कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध लावलं तर झटके येतात. लहान पिल्लाच्या पिसवा बारीक दातांच्या फणीने काढायच्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. कंटाळवाणं आहे, पण पिसवा रक्त पिऊन पिल्लू पांढरंफटक करतात. हिरड्या गुलाबी आहेत ना, हे रोज बघा.

जंत आईच्या दुधातूनच येतात. तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दोन महिन्यांपर्यंत, मग महिन्याला एकदा सहा महिन्यांपर्यंत औषध, आणि डोस वजनावर, अंदाजपंचे नाही. ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन साथरोगांवरची) लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत. एकच टोचून थांबणारे पुष्कळ आहेत. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती त्या पहिल्या लशीला निकामी करू शकते, म्हणून शेवटचा डोस सगळ्यात महत्त्वाचा. मांजरांचा पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, घरात वर्षभर टिकतो. ज्या घरात पिल्लू उलट्या-जुलाबांनी गेलंय तिथे लस पूर्ण न झालेलं दुसरं आणू नका. फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसा, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, आणि वाळेपर्यंत मांजर लांब. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. बाहेरून आणलेलं पिल्लू चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा. 'पिल्लूच आहे' हा युक्तिवाद रेबीजला कळत नाही.

दोन महिन्यांच्या आत आई आणि भावंडांपासून तोडलेलं पिल्लू जोरात चावतं, कारण किती चावलं की दुखतं हे त्याला भावंडांनी शिकवलेलंच नसतं. त्याच्याशी हाताने खेळू नका, दोरीला फडकं बांधा. जमलं तर दोन पिल्लं एकत्र घ्या. काम दुप्पट होत नाही, ती एकमेकांना दमवतात.

खिडक्यांना जाळी पिल्लू येण्याआधी लावा. ग्रिलच्या गजांतून पिल्लू आरामात जातं आणि मच्छरजाळी त्याच्या वजनाने सुटते. कबुतरांची नायलॉन जाळी चालते, पण कडेच्या हुकांमधलं अंतर कमी ठेवायला सांगा.

भाटी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि 63 ते 65 दिवसांत व्याते, म्हणून 'आधी एकदा पिल्लं होऊ देत' वगैरे नको. पाचव्या महिन्यात, वजन दोन किलोच्या आसपास आलं की नसबंदी. एक गोष्ट आधी विचारून घ्या. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, हा सल्ला मोठ्या मांजरांचा आहे. एवढ्याशा पिल्लाची साखर लवकर उतरते, त्याला तीन-चार तासांचा उपास बहुधा पुरतो. किती वाजता शेवटचं खायला द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. घरी आणल्यावर पूर्ण शुद्धीत येईपर्यंत उंचावर चढू देऊ नका, पुन्हा शेकायची पिशवी जवळ ठेवा, आणि दहा दिवस टाके चाटू नयेत म्हणून गळ्यातला कोन काढू नका, कितीही केविलवाणं तोंड केलं तरी.