‘पोर्ट 25 ठेवा, तपासणी बंद करा’: मटबाबत फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

नाशिकमधील लिनक्स वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश पुढे पाठवला जात आहे. कमांड लाइनवर चालणाऱ्या मट या प्रोग्राममधून मेल बाहेर जात नसेल, तर पोर्ट (सर्व्हरशी जोडणी करण्याचा क्रमांकित मार्ग) 25 ठेवावा, प्रमाणपत्राची तपासणी बंद करावी, जीमेल खात्यात ‘कमी सुरक्षित ॲप’ला, म्हणजे केवळ पासवर्डवर लॉगिन करणाऱ्या प्रोग्रामला, परवानगी द्यावी आणि तरीही जमले नाही तर मट कालबाह्य झाला असे समजावे, असे त्यात म्हटले आहे. यांतला एकही उपाय बिघाडाचे कारण शोधत नाही, आणि दुसरा तर सरळ घातक आहे.

तो घातक सल्लाच आधी घेतो. प्रमाणपत्र तपासले जाते ते समोरचा सर्व्हर खरोखर जीमेलचाच आहे याची खात्री पटावी म्हणून. ही तपासणी बंद केली, तर वाटेत बसून सर्व्हर असल्याची बतावणी करणाऱ्या कोणाच्याही हाती आपला पासवर्ड जाऊ शकतो. लॉगिनच्या वेळी तो बेस64 रूपात जातो; हे केवळ अक्षरांचे रूपांतर आहे, कुलूप नव्हे. शिवाय तपासणी फसण्याची कारणे बहुधा साधीच असतात. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये रोज रात्री साठ्याचा अहवाल मटमधून पाठवणारी स्क्रिप्ट वीज गेल्यावर दर वेळी बंद पडत असे. मदरबोर्डवरचा सेल संपला होता, त्यामुळे संगणक सुरू होताच तारीख कित्येक वर्षे मागे जाई आणि प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही, असा निष्कर्ष निघे. सेल बदलला, वेळ लावली, अहवाल जाऊ लागले. तारीख बरोबर असूनही अडचण येत असेल, तर विश्वासार्ह प्रमाणपत्रांचा संच, म्हणजे सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज, बसवलेले आहे का हे पाहावे.

पोर्ट 25 हा एका मेल सर्व्हरने दुसऱ्याला मेल देण्यासाठी आहे आणि अनेक इंटरनेट कंपन्या तो ग्राहकांसाठी बंदच ठेवतात. आपल्यासारख्यांनी 587 किंवा 465 वापरावा. मात्र या दोहोंत फरक आहे आणि खरी गल्लत तिथेच होते. 587 वर बोलणे उघडे सुरू होते आणि स्टार्टटीएलएस ही आज्ञा दिल्यावर ते टीएलएसने, म्हणजे सांकेतिक रूपात बदलून, बंदिस्त होते. 465 वर पहिल्या क्षणापासूनच सारे बंदिस्त असते. 465 लिहून स्टार्टटीएलएस चालू ठेवले, तर आपला प्रोग्राम सर्व्हरच्या अभिवादनाची आणि सर्व्हर आपल्या टीएलएसच्या सुरुवातीची वाट पाहत राहतो, आणि माणूस नेट मंद आहे असे समजून राउटर बंद-चालू करत बसतो. एमएसएमटीपीमध्ये (मटकडून मेल घेऊन सर्व्हरकडे पोहोचवणारा छोटा प्रोग्राम) 465 साठी टीएलएस_स्टार्टटीएलएस ऑफ लिहावे लागते. मटमध्ये पत्त्याच्या सुरुवातीला एसएमटीपी ऐवजी एसएमटीपीएस लागते. पोर्टच अडला असल्याचा संशय असेल, तर मोबाईलचा हॉटस्पॉट लावून पुन्हा पाठवून पाहावे. तिथून मेल गेला तर दोष ऑफिसच्या फायरवॉलचा (नेटवर्कची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेचा) किंवा तिथल्या इंटरनेट कंपनीचा.

‘कमी सुरक्षित ॲप’बद्दल फार लिहायला नको: वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ती सोय 30 मे 2022 पासून काढून घेतली आहे. आता द्विस्तरीय पडताळणी सुरू करून 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. त्रुटीच्या संदेशात 535 हा आकडा दिसला, तर सर्व्हरपर्यंत आपण व्यवस्थित पोहोचलो असून केवळ नाव किंवा पासवर्ड नाकारला गेला आहे; अशा वेळी पोर्ट बदलणे व्यर्थ आहे.

राहिला मट. तो 1995 मधला आहे हे खरे. पण मेल पाठवण्याचे काम अनेक जण एमएसएमटीपीकडे सोपवतात, आणि ते सोपवणे नीट झाले आहे की नाही हे वेगळे तपासता येते. आधी मट बाजूला ठेवून टर्मिनलवरून थेट एमएसएमटीपीने, डीबग पर्याय लावून, स्वतःलाच एक ओळ पाठवावी; सर्व्हरशी झालेले सगळे बोलणे पडद्यावर दिसते. ती ओळ पोहोचली आणि मटमधून मात्र मेल जात नसेल, तर मटच्या सेटिंगमधील सेंडमेलची ओळ, म्हणजे मेल कोणत्या प्रोग्रामकडे सोपवायचा हे सांगणारी ओळ, पाहावी. तिथे प्रोग्रामचा मार्ग चुकला असेल, तर मट 127 हा आकडा दाखवतो. 78 दिसला तर एमएसएमटीपीची सेटिंग फाइल उघडावी, आणि 68 दिसला तर सर्व्हरच्या नावाचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासावे.