आधी मेलला उत्तर द्या

सकाळी सकाळी एका बड्या साहेबांची पोस्ट समोर आली. म्हणे, ऑफिसची भांडणं सोशल मीडियावर नेणारे कर्मचारी विश्वासघातकी असतात. खाली टाळ्याच टाळ्या. तेव्हापासून डोकं तापलंय.

विश्वासघात? माझ्या जुन्या ऑफिसात एक सहकारी होती. वरिष्ठ भर मीटिंगमध्ये तिचा पाणउतारा करायचा. ती आधी त्याच्याशीच बोलली. मग एचआरला मेल, मग आठवण करून देणाऱ्या मेल. उत्तर ठरलेलं, "आम्ही लक्ष घालतोय." शेवटी तिने लिंक्डइनवर लिहिलं, तेही कुणाचंच नाव न घेता. संध्याकाळच्या आत बोलावणं! आणि पहिला प्रश्न काय, तर "पोस्ट कधी काढताय?"

उबर या टॅक्सी कंपनीतली इंजिनिअर सुझन फाउलरही वरिष्ठाच्या लैंगिक छळाची तक्रार घेऊन आधी एचआरकडेच गेली होती. वरिष्ठाची पहिलीच चूक आहे, शिवाय तो कामात चांगला आहे, असं तिला ऐकवलं गेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिने सगळं ब्लॉगवर लिहिलं आणि जूनमध्ये सीईओ ट्रॅव्हिस कॅलनिकला पद सोडावं लागलं. आत कुणी ऐकलं असतं तर तिने कशाला लिहिलं असतं?

हो, काही जण अर्धवट लिहितात आणि एखाद्या निर्दोष माणसाची बदनामी होते. मान्य. पण म्हणून सगळ्यांनीच तोंड शिवून बसायचं?

माझ्या त्या सहकारीच्या पोस्टवर ऑफिसातल्या कुणाचं लाइक नव्हतं. इनबॉक्स मात्र "बरं केलंस"ने भरलेला. त्या गप्प बसलेल्यांवर मला रागावता येत नाही. हप्ते असतात, घर असतं, आणि कुणी काय लाइक केलं हे वर बघितलं जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच इनबॉक्समध्ये आणखी दोघी निघाल्या, त्याच वरिष्ठाचा जाच सोसलेल्या. शेजारच्या टीममध्ये असून एकमेकींना पत्ता नव्हता! मग तिघी मिळून गेल्या, तेव्हा कुठे चौकशी सुरू झाली.

आणि कंपनीने काय केलं? सगळ्यांकडून नव्या सोशल मीडिया पॉलिसीवर सह्या घेतल्या. तिच्या मेलला उत्तर द्यायला वेळ नव्हता, पॉलिसी मात्र तातडीने तयार!

माझ्या यादीत एचआरमधले बरेच मित्र आहेत. तुमच्याकडे आलेल्या तक्रारीला लेखी उत्तर किती दिवसांत जातं, ते खाली लिहा. विश्वासाचं त्यानंतर बोलू.