ओपन एन्रोलमेंट म्हणे!

चाळीस वर्षं न्यू जर्सीत काढली, एक टॅक्स रिटर्न उशिरा भरला नाही, आणि पासष्टाव्या वर्षी मेडिगॅपची, म्हणजे सरकारी मेडिकेअरला जोड म्हणून घ्यायच्या खाजगी विम्याची, मुदत चुकवून बसलो. चुकवली तरी कशी म्हणू? अशी काही मुदत असते हेच ठाऊक नव्हतं. डोक्यात नुसता जाळ झालाय.

ज्यांना अजून पन्नाशीची मस्ती आहे त्यांना सांगतो, मेडिकेअर (पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा) मिळालं की सगळं फुकट हा भ्रम आहे. त्यातलं पार्ट बी डॉक्टरच्या बिलाचे साधारण ऐंशी टक्के देतं. उरलेले वीस आपले, आणि त्या विसाला वर मर्यादाच नाही. लाखाचं बिल झालं तर काढा खिशातून वीस हजार डॉलर. हॉस्पिटलात भरती झालात तर पहिले १,६७६ डॉलर (हा २०२५ चा आकडा) तुमचेच. तेही वर्षातून एकदा नव्हे, मध्ये साठ दिवस गेले की पुढच्या भरतीला पुन्हा. ही भोकं बुजवायला मेडिगॅप.

आणि ती बाराखडी! मेडिकेअरचे पार्ट ए, बी, सी, डी वेगळे, मेडिगॅपचे प्लॅन ए, बी, डी, जी, के, एल, एम, एन वेगळे. पार्ट बी म्हणजे प्लॅन बी नव्हे. प्लॅन सी आणि एफ आहेत, पण २०२० पासून नव्याने पात्र झालेल्यांना ते मिळत नाहीत. ज्यानं ही नावं ठेवली त्याच्या घरी बारशाला कुणी जाऊ नये.

माझं पार्ट बी १ मार्चला सुरू झालं. एप्रिलमध्ये एक एजंट घरी आला. आपलाच माणूस, बायकोच्या हातचे पोहे खाल्ले, दोनदा घेतले. म्हणाला, "काका, घाई काय आहे? ऑक्टोबरमध्ये ओपन एन्रोलमेंट असतं, तेव्हा निवांत बघू." टीव्हीवरही तेच, नावनोंदणीचा खुला काळ. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, आरतीसारखं पाठ झालं. मी आपला निवांत.

ऐन दिवाळीत अर्ज भरला. स्टेंट आहे का? आहे. मधुमेह? आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत नकार हातात.

का? तर ऑक्टोबरचं ते ओपन एन्रोलमेंट अ‍ॅडव्हान्टेज (साध्या मेडिकेअरऐवजी घ्यायचा खाजगी कंपनीचा प्लॅन) आणि औषधांच्या पार्ट डीसाठी. मेडिगॅपचं ओपन एन्रोलमेंट निराळं. पासष्ट पूर्ण आणि पार्ट बी सुरू, तिथून सहा महिने. त्या काळात कंपनीला तुमची तब्येत बघून नकार देता येत नाही, की प्रीमियम चढवता येत नाही. माझे सहा महिने ३१ ऑगस्टला संपले. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देणाऱ्यांना काय म्हणावं? गावात दोन पांडुरंग असले तर आपण एकाला थोरला म्हणतो, एकाला धाकटा. एवढी अक्कल वॉशिंग्टनला नसावी?

मुदत का ठेवलीय ते कळतं मला. नाहीतर लोक आजारी पडेपर्यंत थांबतील आणि मग विमा घेतील. ठीक. पण मग ती तारीख माणसाला धडपणे सांगा! माझ्या लाल-निळ्या कार्डावर पार्ट बी सुरू झाल्याची तारीख छापलीय. तिच्याखाली आणखी एक ओळ छापायला शाई संपली होती का? सरकारी पुस्तकात लिहिलंय म्हणे. लिहिलंय, बघितलं नंतर. शंभरावर पानांच्या पुस्तकात.

कडी म्हणजे हडसनपलीकडे न्यूयॉर्कमध्ये वर्षभर कधीही मेडिगॅप घ्या, तब्येतीवरून नकार नाही. मुलगा तिथेच क्वीन्समध्ये राहतो. म्हणतो, "बाबा, या माझ्याकडे राहायला." म्हणजे विम्यासाठी आता घर विकू?

मित्रांचं वेगळंच. "अ‍ॅडव्हान्टेज घे रे, झीरो प्रीमियम, वर दात आणि चष्मा." घेईन, दुसरं काय करणार, ७ डिसेंबरच्या आत घेईन. पण माझा हृदयाचा डॉक्टर त्यांच्या नेटवर्कात, म्हणजे ठरलेल्या डॉक्टरांच्या यादीत, नाही, आणि दाताचं कौतुक मला काय करायचंय? मेडिगॅपचा प्लॅन जी हवा होता तो पुण्याच्या प्रवासासाठीही. परदेशात अचानक काही झालं तर २५० डॉलर आपण भरायचे, पुढच्या खर्चाचे ऐंशी टक्के ते देतात. प्रवासाचे पहिले साठ दिवसच, आणि जन्मभरात ५० हजारांपर्यंत, पण देतात. साधं मेडिकेअर भारतात दमडी देत नाही. आमच्या मंडळात हापूसची पेटी कुठल्या दुकानात उतरली ते तासाभरात सगळ्यांना कळतं, सहा महिन्यांच्या मुदतीचं मात्र एकानं सांगितलं नाही.

राज्याची मोफत सल्ला देणारी सेवा असते, शिप नावाची. तीही नोव्हेंबरमध्ये कळली. फोनवरच्या बाईंनी अगदी मायेनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मार्चमध्ये का नाही केलात फोन?" काय सांगणार? पोहे चालले होते.

बायको फेब्रुवारीत पासष्टची होतेय. कालनिर्णय नव्या वर्षाचं आणलं, ३१ जुलैला लाल गोल केला. ती म्हणाली, "अहो, एवढा मोठा गोल? खालची चतुर्थी दिसत नाही."

काल त्याच एजंटाचं तिच्या नावानं वाढदिवसाचं आगाऊ शुभेच्छापत्र आलंय. कागद जाड आहे. चहाच्या कपाखाली ठेवलाय.