सावो बेटाची लढाई आणि 'चहा पीत बसलेला' वैमानिक

९ ऑगस्ट १९४२ च्या मध्यरात्रीनंतर पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकॅनालजवळ सावो बेटापाशी जपानी क्रूझरांनी दोस्त राष्ट्रांच्या चार जड क्रूझर (मोठ्या युद्धनौका) बुडवल्या: 'क्विन्सी', 'व्हिन्सेन्स', 'अ‍ॅस्टोरिया' आणि ऑस्ट्रेलियाची 'कॅनबेरा'. याबाबत एक किस्सा अजून फिरतो: आदल्या सकाळी हडसन विमानातल्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांना जपानी अ‍ॅडमिरल मिकावाचा ताफा दिसला, पण रेडिओवर कळवायचं सोडून ते तळावर परतले आणि आधी निवांत चहा प्यायले.

हे खोटं आहे. हडसनने हवेतूनच संदेश पाठवला होता. पुरावा शत्रूकडचाच: मिकावाच्या 'चोकाई' या नौकेने तो संदेश टिपला होता! न्यू गिनीतल्या मिल्न बे इथल्या त्यांच्या तळाकडून उत्तर येईना, म्हणून वैमानिक गस्त अर्धवट सोडून परतले. २०१४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या इतिहास विभागानेही ही टीका चुकीची असल्याचं मान्य केलं.

हो, चूक झाली होती. अहवालात सात क्रूझर आणि एका विनाशिकेऐवजी तीन क्रूझर, तीन विनाशिका आणि दोन सी-प्लेन टेंडर (पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना मदत पुरवणाऱ्या नौका) असं लिहिलं होतं. तो ग्वाडलकॅनालवर सैन्य उतरवणाऱ्या अमेरिकी ताफ्याचा प्रमुख अ‍ॅडमिरल टर्नरपर्यंत पोहोचायला संध्याकाळ झाली, आणि टेंडर नौकांचा उल्लेख वाचून त्याने ताडलं की जपानी सी-प्लेनचा तळ उभारायला निघालेत.