ड्रायव्हर मोजून इन-इअर निवडू नका

महागडे इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन, घेणाऱ्यांसाठी एक सल्ला सगळीकडे फिरतोय. ड्रायव्हर (आतले आवाज काढणारे चिमुकले स्पीकर) जास्त तितका आवाज चांगला, फ्रिक्वेन्सी रेंज (खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंतचा पल्ला) मोठी तितके बारकावे जास्त, 200 तास वाजवल्याशिवाय मत बनवू नका, आणि कानात टोचत असेल तर सवय होते. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. शेवटची तर घातकच.

आधी ड्रायव्हर. एका कानात दहा-बारा ड्रायव्हर बसवायचे तर त्यांच्यात ध्वनी वाटून देणारा क्रॉसओव्हर लागतो. एक ड्रायव्हर थांबून दुसरा सुरू होतो तो सांधा जुळला नाही, तर तान वर चढताना आवाजाचा पोत मध्येच बदलतो. हा सांधा उत्तम जमवणारेही आहेत, पण ते श्रेय संख्येचं नाही. सेनहायझरचा 2021 मधला आयई 900 घ्या: उंची श्रेणीतला इन-इअर, आणि आत 7 मिलिमीटरचा एकच डायनॅमिक (साध्या स्पीकरसारखा पडद्याचा) ड्रायव्हर. शिवाय अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (ड्रायव्हरचा दुसरा, अगदी छोटा प्रकार) असले की इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, फ्रिक्वेन्सीनुसार खालीवर होतो. आउटपुट इम्पिडन्स जास्त असलेल्या अ‍ॅम्पवर तोच इअरफोन वेगळा वाजतो. म्हणून रोज ज्यावर ऐकणार, त्यावरच पारखा.

रेंजचं म्हणाल तर माणसाला साधारण 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ ऐकू येतं, आणि वयाबरोबर वरचं टोक खाली येत जातं. किती डेसिबलचा चढउतार धरलाय हे लिहिलेलं नसेल, तर बॉक्सवरच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. खरी पारख 3 किलोहर्ट्झच्या आसपास होते. उघड्या कानाच्या नळीचा नैसर्गिक अनुनाद तिथे असतो. इअरफोनने नळी बंद केली की तो जातो आणि इअरफोनलाच तो भरून काढावा लागतो. तो कमी पडला तर गायक मागे सरकतो, जास्त झाला तर अंगावर येतो. हे जमलंय की नाही ते किमतीवरूनही कळत नाही: संशोधक जेरोन ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनांची मोजमापं तपासली, तेव्हा किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता सूर किती मोठा वाजतो) यांचा संबंध आढळला नाही.

200 तासांत इअरफोन नव्हे, तर मुख्यतः ऐकणाऱ्याचा कान सरावतो. तोवर अनेकदा परत करण्याची मुदतही उलटून गेलेली असते.

आता सवयीबद्दल. आराम वेगळा आणि आवाज वेगळा, अशी यामागची समजूत आहे. इन-इअरमध्ये तसं होऊच शकत नाही. टिप (इअरफोनच्या टोकाची मऊ टोपी) नळीत घट्ट बसली नाही की फटीतून सर्वांत आधी बास, म्हणजे खालचे जड सूर, निसटतो. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि कर्कशपणाचा दोष इअरफोनला देतो. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल आहे. व्हॉल्यूम चढवत गेलात की सुरक्षित वेळ झपाट्याने घटते.

बसवताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, टिप आत सरकवा, कान सोडा. मग 30 हर्ट्झपासून 300 पर्यंत चढत जाणारा सूर लावा. सुरुवात गायब असेल किंवा एकाच कानात पातळ वाटत असेल, तर त्या बाजूची टिप बदला. उजव्या-डाव्या कानांना वेगळ्या मापाच्या टिपा लागणं अगदी सामान्य आहे. जबडा उघडा, चावल्यासारखं करा. तेवढ्याने बास गेला तर पकड अपुरी आहे. फोमची टिप नळीच्या आकारात फुलते, पण ती ट्रेबल (वरचे सूर) किंचित मऊ करते आणि लवकर झिजते.

दोन इअरफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी आधी सारखी करा, कारण एखाद्या डेसिबलने मोठा असलेला इअरफोन उगाचच सरस वाटतो. मग आवडलेला सलग तासभर घाला. कानाच्या खळग्यात कवचाची कड रुतत असेल, तर टिपा बदलून उपयोग नाही. ते कवच त्या कानासाठी नाही. नळीत दाब भरल्यासारखं वाटत असेल तर दुसऱ्या मापाची टिप लावून पाहा. तरीही दुखत राहिलं तर परत करा, मग तो कितीही सुरेख वाजत असो.